नसलेल्या बैलाचा सौदा

अण्णा,

परवा तुमच्या तेराव्याला मी जेवलो नाही. तुमच्या थोरल्या सूनबाईंनी पानात बुंदी वाढली आणि मी पानावरून उठलो. लोकांना वाटलं, गोरखला फार दुःख झालंय. दुःख नव्हतं ते. मला तुमचा राग आला होता, आणि राग असताना गोड माझ्या घशाखाली उतरत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. त्यासाठी मांडवात भरपूर माणसं होती. एक म्हणाला, अण्णांची जमीन कंपन्यांत गेली पण अण्णांचे पाय जमिनीवर राहिले. दुसरा म्हणाला, असा देवमाणूस पुन्हा होणे नाही. देवमाणसानं मला बारा वर्षं फसवलं, हे मांडवात सांगण्यासारखं नव्हतं. इथे सांगतो.

मी परभणीकडून आलो तेव्हा चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर कंत्राटी कामगार होतो. पुढे जुन्या मशीन घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, हा धंदा धरला. लेथ, पॉवर प्रेस, कॉम्प्रेसर, मिळेल ते. भांडवल म्हणजे माझी जीभ. समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव मी कधी मानला नाही; रिक्षावाल्याचा नाही, भाजीवालीचा नाही, आणि तुमच्या गाळ्याच्या भाड्याचाही नाही. आपण पहिल्याच भेटीत दोन तास भांडलो. शेवटी तुम्ही खांद्यावरचं उपरणं काढलंत, माझ्या हातावर टाकलंत आणि म्हणालात, "तोंडानं लई झालं. आता हातानं बोल."

मला काही कळेना. मग तुम्ही सांगितलंत की कंपन्या यायच्या आधी तुम्ही चाकणच्या बाजारात बैलांची दलाली करत होता, आणि बैलाचा भाव तोंडानं कुणी सांगत नाही. उपरण्याखाली हात धरायचा. जितकी बोटं दाबली तितका आकडा. तळहातावर नख ओढलं की वर अर्धा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. "उपरण्याखालचं उपरण्याखालीच ऱ्हातं," तुम्ही म्हणालात, "ह्यो दलालाचा धर्म." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी पंधरा मिनिटांत शिकलो. गाळा मला मिळाला, आणि वर तुम्ही म्हणालात, "परभणीकर, तुजा हात थंड हाय. असा हात बाजारात दहा वर्सांतनं एकांदा येतो." आयुष्यात माझं कौतुक फार लोकांनी केलेलं नाही. ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

दुसऱ्या वर्षी माझं डोकं चढलं. मला तेव्हा ते चढलेलं वाटत नव्हतं. बाकी सगळे झोपलेत आणि मी एकटा जागा झालोय असं वाटत होतं. तीन तास झोप पुरायची. एका आठवड्यात गाळ्याचं शटर दोनदा रंगवून घेतलं. चऱ्होलीत दोन फ्लॅटसाठी इसार दिला, एक माझ्यासाठी आणि एक हायड्रा क्रेन चालवणाऱ्या माणसासाठी, ज्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. त्यानं माझं मशीन अलगद उतरवलं एवढीच त्याची ओळख. माझी बायको सुनंदा रडायला लागली तेव्हा मी तिला म्हणालो, तुझं मनच लहान आहे.

मग उतरलो. उतरलो म्हणजे कोसळलो. गाळ्यात मोठ्या कॉम्प्रेसरच्या मागे पोती टाकून पडून राहिलो. गिऱ्हाईक शटर वाजवून जायचं. येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, ऊठ. तुम्ही एकटे कधी म्हणाला नाहीत. रोज सकाळी यायचात, पोत्याशेजारी बसायचात, शेंगा सोलून खायचात आणि जायचात. सुनंदानं विचारलं, अण्णा, यांना काही सांगा ना. तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "बसक्या बैलाची शेपूट पिरगाळायची नसती, पोरी. त्याच्या शेजारी दुसरा आणून बांधायचा. उठतो मग." मी ते ऐकलं होतं. पोत्यावर पडल्या पडल्या मला एवढंच वाटलं की म्हाताऱ्यानं मला बैल म्हटलं.

आता याचे आभार मानायचे तर मानतो, पण पुढचंही सांगतो. तुम्ही आधी मला दृष्ट काढायला नेलंत. एका बाईनं माझ्यावरून मिरच्या ओवाळून जाळल्या, ठसका आला नाही तेव्हा तुम्ही मान हलवलीत, जसं काही निदान झालं. मग अजून एकीकडे. तीन आठवडे वाया घालवलेत. सुनंदानं आवाज चढवला तेव्हा कुठे थेरगावच्या डॉक्टरांकडे गेलो, तेही तुमच्या मोटारसायकलवर मागे बसून. उतरून पळून जाईन म्हणून माझं मनगट तुम्ही गाडी चालवता चालवता एका हातानं धरून ठेवलं होतंत. डांगे चौकात आपण दोघं मेलो कसे नाही, मला माहीत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, याला बायपोलर म्हणतात. चढ येतो, उतार येतो. जन्मभर सांभाळायचं, गोळ्या घ्यायच्या, रक्त तपासायचं, झोप चुकवायची नाही. आणि घरचं एक माणूस असं हवं की ज्याला चढ आधी कळेल, कारण पेशंटला स्वतःला तो कळत नाही. तुम्हाला तो शब्द कधी उच्चारता आला नाही. तुम्ही त्याला घाट म्हणायला लागलात. "गडी घाटात हाय."

त्या दिवशी मला एकच भीती होती आणि ती मी डॉक्टरांना सांगितली नाही, बाहेर तुम्हाला सांगितली. माझा धंदा माझ्या तापट डोक्यावर चालतो. गोळीनं डोकं गार पडलं तर मी भाव कसा पाडणार? तुम्ही तसेच आत परत गेलात, दुसऱ्या पेशंटच्या पुढे घुसलात आणि विचारलंत, "डाक्टर, ह्याची भाव करायची अक्कल तर न्हाई ना मारत ही गोळी?" डॉक्टर हसले. म्हणाले, आजोबा, तुम्हीच लक्ष ठेवा आणि मला सांगा.

तुम्ही हे शब्दशः घेतलंत, हे मला बारा वर्षांनी कळलं.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला तुमच्या देवघरासमोर उभं केलं. बेलभंडारा उचलायला लावला. माझा आजार बाजारात कुणाला सांगणार नाही, अशी खंडोबाची शपथ. ज्याचं डोकं फिरतं त्याला मशीन कोण विकणार आणि त्याच्याकडून कोण घेणार? तुम्ही बेल आणि हळद तळहातावर घेतलीत आणि म्हणालात, "न्हाई सांगनार." मी निश्चिंत झालो.

पुढच्या शनिवारी तुम्ही गाळ्यात आलात, खुर्ची ओढलीत आणि माझ्या हातावर उपरणं टाकलंत. "बैल इकायचा हाय. खिलार. चार दाती, ऐन उमेदीचा."

"कुठाय बैल?"

"तुला भाव करायचाय का बैल बघायचाय?"

बैल नव्हताच. तुमच्या गोठ्यात तेव्हा दोन मोटारसायकली आणि भाडेकरूचं वेल्डिंग मशीन होतं. पण तुम्ही आकडा दाबलात, मी हात झटकला, तुम्ही पुन्हा दाबलात, आणि अर्धा तास कसा गेला कळलं नाही. सौदा तुटला. तेव्हापासून प्रत्येक शनिवार. कधी बैल शिंगाला अधू, कधी पायाला पांढरा, कधी मारका. मी म्हणायचो, अण्णा, हा बैल आता बारा वर्षांचा म्हातारा झाला, फुकट दिला तरी नको. तुम्ही म्हणायचात, "कागदावर चारच दाती हाय." मला वाटायचं, म्हाताऱ्याची जुन्या बाजाराची हौस आहे, पुरवावी. शनिवारी मी दुसरं काम ठेवायचो नाही. मी तुमच्यावर उपकार करत होतो, अण्णा. असं मी समजत होतो.

मग ती तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गोळ्या मी बंद केल्या होत्या. सगळं ठीक होतं, म्हणूनच बंद केल्या. ठीक कशामुळे होतं याचा विचार केला नाही. भोसरीत सलीमभाईकडे पॉवर प्रेसचा पूर्ण लॉट आला होता. सलीमभाई माझ्यासारखाच जुन्या मशीनवाला, आमची तेव्हाच दहा वर्षांची ओळख आणि दहा वर्षांची घासाघीस. मी गेलो, लॉट पाहिला, त्यानं भाव सांगितला, मी म्हणालो, "मंजूर." लगेच. खिशातून चेकबुकही काढलं. सलीमभाई आत गेला, फोन करून आला आणि म्हणाला, "भाई, माफ कर. माल आधीच विकला गेलाय. माझ्याच पोरानं दिला, मला आत्ता कळलं."

मी त्याच्या दुकानात खुर्ची फेकली. त्याच्या बापाचा उद्धार केला. दोन दिवसांनी तुम्ही आणि सुनंदानं मला दवाखान्यात भरती केलंत, ते निराळंच. बाहेर आलो, गोळ्या सुरू झाल्या, महिने गेले, पण सलीमभाईचं नाव मी टाकलं. तोंडातला घास काढला त्यानं. एका बाजारात राहून तीन वर्षं मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तुमच्याकडे किती वेळा त्याला शिव्या दिल्या! तुम्ही शेंगा सोलत ऐकून घ्यायचात.

तुमच्या दहाव्याला भामा नदीच्या काठी आम्ही सगळे उभे होतो. कावळा शिवत नव्हता. तुमचा थोरला मुलगा म्हणाला, गाळे विकणार नाही. धाकटा म्हणाला, बहिणीला अंतर देणार नाही. सूनबाईंनीही काही पुटपुटलं. कावळा पिंपळावरून हलेना. तेवढ्यात सलीमभाई माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मी तोंड फिरवलं.

"तू माझ्याशी बोलू नको," तो म्हणाला, "पण ऐक. ते प्रेस विकले गेले नव्हते. अण्णांनी मना केलं होतं."

"काय मना केलं होतं?"

"की परभणीकरानं पहिलाच भाव मानला, तर त्याला माल द्यायचा नाही. आधी मला फोन कर, म्हणाले. मी विचारलं का, तर म्हणाले, मी बेलभंडारा उचललाय, विचारू नको. मलाच नाही, बाजारातल्या अजून तिघांना सांगून ठेवलं होतं. कसम से, शिव्या खाल्ल्या पण तोंड उघडलं नाही. आता ते राहिले नाहीत, मी कशाला खाऊ?"

वा, अण्णा. काय तुमची शपथ! आजार सांगितला नाही, फक्त आजाराचं लक्षण सांगितलं. आणि वर, मी शपथ घेतली आहे हे सांगितलं! म्हणजे काहीतरी झाकण्यासारखं आहे, हे चार माणसांना तुम्हीच कळवलंत. चार माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी त्यांच्यासमोर छाती काढून भाव करत होतो. मी पिंडाकडे बघून एक वाक्य बोललो, ते इथे लिहीत नाही, आणि गाडीत जाऊन बसलो. कावळा कधी शिवला ते मी पाहिलं नाही.

घरी आलो तो सुनंदावर ओरडलो. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सगळं. शनिवारी तुमचं बैलाचं झालं की अण्णांचा मला फोन यायचा. हात थंड हाय, म्हणायचे. की मी आठवडाभर निवांत. एकदा म्हणाले, पोरी, आज तीनदाच न्हाई म्हनला, जरा बघ. तेव्हा तुम्ही गोळ्या संडासात टाकत होता."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही शनिवारी हात दिला असता?"

मी अजून ओरडलो.

तर हा माझा तुमच्यावरचा आरोप आहे. मी तुमच्याशी व्यवहार करत होतो आणि तुम्ही माझी नाडी बघत होता. बारा वर्षं, प्रत्येक शनिवारी, विकायला काढलेला बैल मीच होतो. माझे दात तुम्ही मोजत होता. उपरण्याखालचं उपरण्याखाली राहतं, हा दलालाचा धर्म तुम्ही मला शिकवलात आणि उपरणं झटकून झालं की घरी जाऊन माझ्या बायकोला फोन लावत होता. मला त्या शनिवारांचा अभिमान होता. तुमच्यासारख्या मुरलेल्या दलालाला मी एकदाही सौदा जिंकू दिला नाही, असं मी चारचौघांत सांगायचो. तुम्हाला सौदा जिंकायचाच नव्हता. मी हरतोय का, तेवढंच बघायचं होतं.

राग उतरावा म्हणून दोन दिवस गाळ्यात बसलो. उतरला नाही, पण एक गोष्ट डोक्यात शिरली आणि ती निघेना. मी कायम समजत आलो की माझी धार त्या चढातून येते. गोळी माझी धार मारते. म्हणून तर दोनदा बंद केली. पण तुमचा हिशेब उलटा होता. गोळी चालू असली की मी वीस वेळा नाही म्हणायचो. डोकं चढलं की तीनदा, आणि शेवटी शेवटी एकदाही नाही. चढात मी भाव पाडत नव्हतो, समोरच्यानं सांगितलेला मानत होतो. बाजारातलं सगळ्यात सोपं गिऱ्हाईक मी होतो. हे तुम्हाला बारा वर्षं माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी ऐकलं नसतं, हे खरं. तरी सांगायला हवं होतंत. मी तुमच्याशी भांडलो असतो, गाळा सोडून गेलो असतो, परत आलो असतो. भांडायची संधी तरी दिली असतीत.

आपला शेवटचा शनिवार चिंचवडच्या दवाखान्यात झाला. दुपारी भेटायची वेळ होती. उपरणं नव्हतं, म्हणून तुम्ही चादरीखाली हात सरकवलात. बोटांत जोर नव्हता. तुम्ही आकडा दाबलात तो मला नीट कळलाही नाही. मी म्हणालो, "अण्णा, बैल तुमच्यापेक्षा आजारी दिसतोय, भाव उतरवा." तुम्ही हसलात आणि खोकलात. मग म्हणालात, "सलीमला भेट एकदा."

"त्या लबाडाचं तोंड बघणार नाही मी."

"भेट रं. त्याचा हात बी बरा हाय."

"अण्णा, त्याचं नाव काढलंत तर मी उठून जाईन."

नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं. मी हात सोडवून घेतला आणि म्हणालो, बाकीचं पुढच्या शनिवारी. तुम्ही माझ्या तळहातावर नख ओढलं होतं का, तुमचं बोट नुसतं घसरलं होतं, हे मला अजून ठरवता येत नाही. भाव अर्ध्यानं वाढला होता की नव्हता? तुमच्यासारख्या माणसानं असा अर्धवट आकडा ठेवून जाऊ नये.

सुनंदाला मी विचारलं, आता शनिवारी कोण? ती म्हणाली, मी बघते ना. मी म्हणालो, तुझ्याशी भाव करायला बसलो तर मी पहिल्या मिनिटाला हरतो, तुला काय कळणार त्यातून. ती हसली. तेरावं झालं तो शुक्रवार होता. काल शनिवार. सकाळी गोळी घेतली, नाश्ता केला, गाळा उघडलाच नाही आणि भोसरीला गेलो.

सलीमभाईनं मला पाहून आधी खुर्ची बाजूला ठेवली. फेकीन म्हणून.

मी उभ्यानं म्हणालो, "मला बायपोलर आहे. डोक्याचा आजार आहे. चढ येतो तेव्हा मला कळत नाही. अण्णांनी बेलभंडारा उचलला होता तो यासाठी."

त्यानं विचारलं, "बरं होतं का ते?"

"जात नाही. सांभाळावं लागतं."

"मग मी कोणाला सांगू नको?"

"चढ दिसला तर सुनंदाला सांगायचं. बाकी तुझ्या बापालासुद्धा नाही."

"बापाचा उद्धार तू आधीच केलायस," तो म्हणाला आणि खुर्ची परत पुढे ठेवली. मग म्हणतो, "तू त्या दिवशी गाडीत जाऊन बसलास ना, तेव्हा मी पिंडाला म्हटलं, अण्णा, शनिवारचं मी बघतो. की लगेच कावळा आला." हा माणूस तीनदा रंगवलेला लेथ नवाकोरा म्हणून विकतो. त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. तुमच्या मुलाला विचारायचं मात्र मी टाळलंय.

तुमचं उपरणं सूनबाईंनी मला दिलं होतं, ते पिशवीतून काढलं आणि त्याच्या हातावर टाकलं. त्याला काही येत नव्हतं. एक बोट म्हणजे एक, नख ओढलं की अर्धा, सगळं शिकवावं लागलं. पुन्हा पुन्हा चुकत होता आणि मोठ्यानं आकडे बोलत होता. मी म्हणालो, "अरे, तोंडानं नाही, गाढवा." त्याचा हात तुमच्यासारखा नाही, जाड आहे, ग्रीसचा वास येतो. पण घट्ट धरतो.

"बैल कसा आहे, ते तरी सांग," तो म्हणाला.

"तू विकतोयस. तू सांग."

त्यानं बराच विचार केला. "खिलार आहे," म्हणाला, "अण्णांच्या गोठ्यातला."

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. हे स्पष्ट असू द्या. पण काल उपरण्याखाली मी सतरा वेळा नाही म्हणालो. तो मोजत होता, मला दिसत होतं, आणि मी हात काढून घेतला नाही.

बैल अजून घेतलेला नाही, अण्णा. भाव फार सांगतोय तो.